तीन गंजक्या गाड्या आणि थंडीतला उसाचा हंगाम: पैसे कुठल्या गाडीवर घालायचे?

खानापूर तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय ते थोडक्यात असं. हातात साडेचार लाख आहेत, थंडीत उसाचं गळीत चालू झालं की वाहतुकीला लावायला एक जुनी सहाचाकी गाडी पाहिजे. समोर तीन गाड्या आहेत आणि तिन्ही गंजलेल्या. पहिली घरचीच, काकांची टाटा १२१०, तीन वर्षं चिंचेखाली उभी, टायर जमिनीत रुतायला लागलेत. दुसरी गोव्यात खाणीवर पळालेली टिपर, आता हौदा बदलून साधी बॉडी केलीय, रंग चकाचक, आणि इंजिन फुल केलंय, म्हणजे पूर्ण उघडून नव्यासारखं केलंय, म्हणून सांगतात. तिसरी एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची टाटा १६१३, तिच्या केबिनचा खालचा पत्रा असा सडलाय की क्लचजवळनं रस्ता दिसतो, पण मार्चपर्यंत उसालाच चालत होती. हंगाम संपला की तीच गाडी पहाटे भाजी भरून चोर्ला घाटातनं गोव्याला सोडायची असा विचार. तर गंज कुठल्या गाडीला कमी आणि यातली कुठली दुरुस्त करण्याजोगी?

मी गेली सव्वीस वर्षं बेळगावजवळ जड गाड्यांचं गॅरेज चालवतो, ऑक्टोबर आला की अंगणात उसाच्या गाड्या उभ्या करायला जागा उरत नाही. त्यावरनं सांगतो. तुम्ही विचारलंय गंज कुठल्या गाडीला कमी आहे, पण तो प्रश्नच नाही वो. गंज किती यापेक्षा गंज कुठल्या जागेवर आणि कशामुळं आलाय ते बघायला लागतं. केबिनचा पत्रा हजार ठिकाणी फाटला तरी पत्र्याचा मेस्त्री आठवड्यात नवीन बसवून देतो. इंजिन तर बाजारात मिळतं, अख्खंच्या अख्खं मिळतं. चेसी, म्हणजे सगळी गाडी ज्यावर उभी असते तो खालचा लोखंडी सांगाडा, तो मात्र मिळत नाही, कारण गाडी म्हणजे कायद्यानं तो चेसी नंबरच की, बाकी सगळं त्याला लटकवलेलं सामान. त्यामुळं मी गाडी बघताना बोनेट उघडायच्या आधी खाली आडवा होतो.

आधी थंडीचं बोलू, कारण तुम्ही खास लिहिलंय की थंडीत चालवायची आहे. बर्फाच्या देशात रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या खालून खातं, म्हणून तिकडं थंडी आणि गंज हे एकाच वाक्यात येतं. आपल्याकडं तसं काही नाही. बेळगावात कडाक्याची थंडी म्हटली तरी डिझेल गोठायचा प्रश्नच नाही. आपल्या थंडीचा त्रास वेगळाय. एक म्हणजे उसाची वाहतूक रात्री आणि पहाटे चालते, दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला, इकडं हिरण्यकेशीच्या पट्ट्यात धुकं असं बसतं की पुढच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला तर ती अंगावर आल्यावरच दिसते. दुसरं म्हणजे दव. कारखान्याच्या बाहेर नंबरला, म्हणजे रांगेत, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी भिजलेली असते. आणि तिसरं, सकाळी थंड इंजिन चालू होतं का. म्हणजे तुम्हाला पाहिजे ती गाडी ब्रेक धरणारी, लाइट दाखवणारी आणि सकाळी सहाला पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठणारी. सुंदर असायची काही गरज नाही.

आता गंजाकडं येतो, इथं जरा वेळ घेतो कारण सगळा खेळ इथंच आहे.

गंजाच्या तीन जाती मी तरी मानतो. वरवरचा तांबूस थर, हातानं पुसला की बोटाला लागतो आणि खाली लोखंड टणक, त्याला घाबरू नका, ब्रश मारा, प्रायमर मारा, संपलं. दुसरा पापुद्र्यांचा, चपातीचे पदर सुटावेत तसे थर निघतात, हा जिथं दोन पत्रे एकावर एक आहेत तिथं जास्त, म्हणजे चेसीला आतनं दुसरी पट्टी लावलेली असते तिथं, पाणी मधे जातं, गंज फुगतो आणि रिव्हेटसुद्धा ताणून तोडतो. आणि तिसरा तुम्हाला कोणी सांगणार नाही, तो म्हणजे रिव्हेटच्या डोक्याभोवती बारीक लाल भुकटी. ती भुकटी पावसामुळं आलेली नसते, तिथं लोखंड लोखंडावर घासतंय म्हणून आलेली असते. म्हणजे तो रिव्हेट ढिला झालाय, तो जोड हलतोय. गाडी कितीही झकास रंगवलेली असू दे, पाट्याच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या, ब्रॅकेटजवळ रंगातनं परत लाल रेघ बाहेर आली असली की समजायचं, आत काहीतरी चाललंय.

बघायचं कुठं? केबिनच्या मागे जिथं हौदा सुरू होतो तिथं, मागच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटजवळ, आणि हौदा आणि चेसी यांच्या मधे लाकडाची पट्टी असते तिच्या खाली. ती पट्टी पाणी धरून ठेवते आणि उसाच्या गाडीत पाचट, माती, रस सगळं तिथं जाऊन बसतं, वर्षानुवर्षं ओलं. लहान हातोडी घेऊन चेसी वाजवत जायचं, चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं थप्प. पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चेसीची आडवी पट्टी, पण बघा, फडात रुतलेली गाडी ट्रॅक्टरला साखळी बांधून वाकडीतिकडी ओढून काढतात त्यात चेसी तिरकी होते. दोरी घेऊन डावीकडच्या पुढच्या ब्रॅकेटपासनं उजवीकडच्या मागच्या ब्रॅकेटपर्यंत माप घ्या आणि उलटं घ्या, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. आणि चेसी नंबर डोळ्यांनी वाचा, कागदावर नव्हे, लोखंडावर. गंजानं नंबर खाल्ला असला तर आरटीओत परत पंच करून घ्यायची परवानगी घेत बसायला लागतं आणि हंगाम तिथंच जातो.

आता माझीच एक फजिती सांगतो म्हणजे मी इतकं का बोलतोय ते कळेल. गोव्यात २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा तिकडच्या टिपर स्वस्तात इकडं यायला लागल्या, आम्हाला वाटलं लॉटरी. एक गाडी मी स्वतः एका पावण्याबरोबर भागीत घेतली. इंजिन दमलेलं होतं म्हणून आधी इंजिन उतरवलं, बेळगावच्या उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंग, लायनर-पिस्टन, नोझल, पंप, सगळं झालं, रोकडा संपला. मग हौदा बदलायला उचलला तर खाली चेसीच्या वरच्या कडेला बोट आत जाईल एवढी भोकं. समुद्राची खारी हवा, त्यात खनिजाची ओली लाल माती वर्षभर थापलेली, आपल्याकडं जे रस्त्यावरचं मीठ करत नाही ते तिकडची हवा करते. मी पट्ट्या वेल्डिंग करून गाडी लावली उसाला. ड्रायव्हर अथणीकडचा, त्यालाही दाखवलं तर म्हणतोय, "एनू आगंगिल्ल बिड्री मेस्त्री." काही होत नाही म्हणे. जानेवारीत भरलेली गाडी वेल्डिंगच्या अगदी शेजारी तडकली. वेल्डिंग तुटलं नाही, शेजारचं लोखंड तुटलं, कारण चेसीच्या कडेला आडवं वेल्डिंग मारलं की उष्णतेनं तिथली ताकद जाते. नशीब गाडी नंबरात उभी होती, घाटात नव्हती. तेव्हापासनं आधी हौदा, मग चेसी, मग ब्रेक, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

म्हणून तुमची दुसरी गाडी, ती गोव्याची रंगवलेली, तिचं इंजिन कितीही फुल केलेलं असू दे, हौदा उचलून बघू देत नसतील तर मी तरी हात लावणार नाही. नवीन रंग हा माझ्या दृष्टीनं गंजापेक्षा वाईट, गंज निदान खरं बोलतो. खिशात चुंबक ठेवा, केबिनला लावत जा, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी. गोव्याच्या सगळ्या गाड्या वाईट असंही नाही, आतल्या भागात पळालेली एखादी चांगली निघते, पण ते बघितल्याशिवाय कळत नाही आणि विकणारा बघू देत नाही यातच उत्तर आलं.

अजून एक जात सांगून ठेवतो, तुमच्या तिन्हींत नाही पण बाजारात भेटेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या. वरनं काही दिसत नाही. हब, गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल यांच्या श्वासनळीतनं पाणी आत जातं, बेअरिंगला गंजाचे ठिपके पडतात आणि सहा महिन्यांनी आवाज सुरू होतो. सीटखालच्या कप्प्यात, डॅशबोर्डच्या मागे वाळलेल्या गाळाची बारीक रेघ शोधा.

आता काकांची १२१०. खरं सांगू, माझं मन तिच्यावर आहे. घाटमाथ्याच्या पावसातली असली तरी एका मालकाची, घरातल्या माणसानं चालवलेली, खाऱ्या हवेला न गेलेली. चेसी बहुतेक चांगली निघेल. पण उभी गाडी वेगळ्या पद्धतीनं मरते. डिझेल टाकी आतनं गंजते आणि ती भुकटी पंपात जाते, म्हणून चुकूनही नुसती बॅटरी लावून सेल्फ मारू नका, आधी टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, इंजिन हातानं फिरतं का बघा. ब्रेकचे सिलेंडर धरतात, क्लच प्लेट चिकटते, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतं, टायरला नक्षी असली तरी बाजूला भेगा पडतात. हे सगळं सुटणारं आहे. पण सगळं मिळून महिना-दीड महिना जातो, आणि एक सुटलं की दुसरं कुरकुर करतं, हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात रस्त्यात उभी राहिली की ऊसतोडीचा टोळीवाला दुसरी गाडी बघतो. मुकादम तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि तिचा खरा गंज कागदाला लागलाय. तीन वर्षं उभी म्हणजे फिटनेसचा दाखला संपलेला, इन्शुरन्स संपलेला. काकांनी गाडी उभी केली तेव्हा आरटीओला लेखी कळवलं होतं का, की गाडी वापरात नाही? कळवलं असलं तर टॅक्सचा हिशेब एक होतो, नसलं कळवलं तर तीन वर्षांचा टॅक्स आणि दंड एकदम डोक्यावर. सगळं या एका कागदावर अवलंबून आहे, म्हणून मी ठाम सांगू शकत नाही, आधी काकांच्या ट्रंकेत तो कागद शोधा. वरनं आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी करायला लागतो आणि वय वाढेल तशी फी वाढत जाते, तेव्हा हा खर्च एकदाचा नव्हे, दरवर्षीचा धरा.

राहिली तिसरी. दिसायला भिकारी, पण मार्चपर्यंत ओझं ओढत होती हे माझ्यासाठी मोठं प्रमाणपत्र. चालती गाडी आपले रोग दाखवत असते. केबिनचा पत्रा तेवढा आधी करा, आणि ते दिसण्यासाठी नव्हे. खालचा पत्रा फाटला आणि सायलेन्सरचा जोड फुंकत असला की धूर आत येतो. थंडीत ड्रायव्हर-क्लीनर काचा बंद करून नंबरात झोपतात, कुणी इंजिन चालू ठेवून झोपला तर तो सकाळी उठायचा नाही. गंमत नाही ही.

तिची परीक्षा घ्यायला पहाटे जा, आदल्या रात्री फोन करू नका. आधी कळलं की माणूस इंजिन गरम करून ठेवतो. हात लावून बघा, ब्लॉक थंड पाहिजे. सेल्फ मारल्यावर थोडा पांढरा धूर आला आणि दोन-चार मिनिटांत गेला तर ठीक. राहिलाच तर कॉम्प्रेशन कमी नाहीतर नोझल थुंकतोय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ओझ्यावर काळा म्हणजे पंप-नोझल नाहीतर हवेचा फिल्टर, तो त्यातल्या त्यात स्वस्तातला. ऑइलचं झाकण काढा, वाफ जोरात भकाभका येत असली तर पिस्टन-रिंग गेल्या. रेडिएटरमध्ये तवंग दिसला तर हेड बघायला लागणार.

एक गोष्ट मेस्त्री लोक करून ठेवतात ती विचारा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, आहे का काढून टाकलाय. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून फेकतात, खरा दोष रेडिएटरचा असतो. मग थंडीत पहाटे, त्यात घाट उतरताना, इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, न जळलेलं डिझेल लायनर धुवून खाली ऑइलमध्ये उतरतं. एवढ्याशा वस्तूपायी इंजिन झिजतं.

मग ब्रेक. हवा भरू द्या, दाब सात-आठ किलो झाला की इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि तीन मिनिटं काट्याकडं बघा. अर्ध्या किलोपेक्षा जास्त पडला तर कुठंतरी फुसकतंय. टाक्यांचे खालचे कॉक सोडा, पाणी आणि गंजाचा चहा बाहेर आला तर समजा कित्येक महिने कोणी सोडला नव्हता. हवेतलं पाणी टाकीत साचतं, म्हणून हंगामात हे रोज संध्याकाळी करायचं काम. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ आला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं तो खिळा, झिजलाय. स्टेअरिंगला पाव फेऱ्याच्या वर मोकळी चाल असली तर धुक्यात ती गाडी नको. हेडलाइट, वायपर आणि रिफ्लेक्टर टेप, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, ही फिटनेसला लागतेच, पण फिटनेससाठी नव्हे तर मागून येणाऱ्यासाठी लावा. ऊस बाहेर लोंबतो आणि मागचा लाइट झाकून टाकतो, म्हणून खाली चेसीलाही एक पट्टी मारा.

एमएच ०९ चं काय? कोल्हापूर आरटीओकडनं एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८, मग इकडं नावावर करायला २९ आणि ३०. बँकेचा बोजा असला तर फॉर्म ३५ आधी. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इकडं ठेवली तर इकडचा नंबर घ्यावा लागतो. जुने चलन किती पडलेत ते विकणाऱ्यासमोर मोबाईलवर बघा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आपल्या सीमाभागात असे अडकलेले कितीतरी बघितलेत, गाडी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं आणि मालक पलीकडं.

आणि आता तुमच्या गोव्याच्या बेतावर पाणी टाकतो, माफ करा. नॅशनल परमिट साध्या दोन एक्सलच्या गाडीला बारा वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टीएक्सलला, म्हणजे दोनापेक्षा जास्त एक्सलच्या गाडीला, पंधरा. तुमच्या तिन्ही गाड्या त्याच्या पुढं गेलेल्या. म्हणजे खानापुरातला ऊस कर्नाटकातल्याच कारखान्याला न्यायला इकडच्या परमिटवर चालेल, पण तीच गाडी रोज चोर्ल्यातनं गोव्याला किंवा ऊस घेऊन महाराष्ट्रातल्या चंदगडकडं, ते जमणार नाही, दर वेळी तात्पुरतं परमिट काढत बसलात तर भाजीत काय उरणार? भाजीच करायची असली तर एकूण वजन तीन हजार किलोच्या आतली छोटी गाडी बघा, तिला परमिटच लागत नाही. एकाच गाडीनं दोन्ही धंदे हा विचार सोडा.

तर मी तुमच्या जागी असतो तर या हंगामाला तिसरी. अट एवढीच की चेसीवर लाल भुकटी नको, ब्रेकचा काटा टिकला पाहिजे आणि एनओसी मिळणार याची खात्री पाहिजे. भाव ठरवताना आरसीवरचं रिकामं वजन बघा, त्याला भंगाराचा आजचा दर लावा, तो गाडीचा तळ. त्याच्या वर जे मागतायत ते चालतेपणाचे पैसे, त्यावर घासाघीस करा. साडेचारातले किमान दीड लाख बाजूला ठेवा, टायर, ब्रेक लायनर, केबिनचा पत्रा, बॅटरी, कागद, यातच ते जातात. सगळे पैसे गाडीत घातले आणि डिसेंबरात क्लच बसला तर सावकाराकडं जायला लागतं.

काकांची गाडी विकू नका एवढ्यात. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात सावकाश बघू, तोवर तो आरटीओचा कागद शोधा. आणि टायर जमिनीत रुतायला लागलेत म्हणालात ते बरं नव्हे, या रविवारी दोन माणसं घेऊन ती जॅकवर उचला आणि खाली फळ्या सारा, चिंचेचा पालापाचोळा हौद्यातनं झाडून काढा, तोच ओला राहतो आणि खाली चेसी खातो.